तिसरा रकाना: मारुतीसमोर

"तू कॉम्प्युटरमधला ना? मग दोन मिनिटांचं काम आहे," असं नानाकाका म्हणाले, तेव्हाच मी फोन स्विच ऑफ करायला हवा होता.

कुलसंमेलनाच्या आमंत्रणांचे गठ्ठे पिनकोडप्रमाणे लावायचे होते. काकांनी यादी पाठवली. चारशे बारा घरं, एका ओळीत एक घर, मधे स्वल्पविराम. नाव, पत्ता, पिन, फोन. म्हणजे पिन तिसऱ्या रकान्यात. मी तोऱ्यात 'कट'ची कमांड मारली: स्वल्पविरामावर तोड, तिसरा तुकडा दे.

पिनकोड म्हणून आलं 'मारुतीसमोर'. खाली 'गिरणीच्या वर'. त्याखाली 'बापूंचा जुना वाडा'.

आमच्या घराण्यात पत्ता म्हणजे एसटी स्टँडपासून हात धरून घरापर्यंत नेणं, आणि दर वळणावर एक स्वल्पविराम. एका आत्याच्या ओळीत नऊ निघाले. मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो रकाना अवतरणचिन्हांत ठेवावा, असं २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटवाल्यांच्या टिपणात लिहूनही ठेवलंय. पण 'कट'ला अवतरणं कळत नाहीत आणि काकांना आरएफसी.

मग म्हटलं, उलटीकडून मोजू. 'ऑक' नावाच्या दुसऱ्या कमांडला सांगितलं, शेवटून दुसरा तुकडा दे. निम्मे पिन मिळाले. बाकीच्यांनी फोननंतर पुस्ती जोडली होती: 'दुपारी २ ते ४ करू नये'.

रकाने गेले खड्ड्यात, सलग सहा आकडेच शोधू! १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतात काव्य करणारा आपला मराठी माणूस. वृत्तात बसवल्यासारखे मोजून सहा आकडे. सापडलेही. फक्त रत्नागिरीच्या घरांना दोन-दोन पिन आले, कारण तिथले लँडलाइन नंबरही सहा आकडी. डोकं चालवलं: लँडलाइन २ने सुरू होतात, आपले पिन ४ने. ४चे तेवढे ठेवले. यादी लख्ख!

यशाने चेव येतो. काकांनी फोटोही पाठवले होते, 'डॉ. वि. ना. सांगली.जेपीजी' अशा नावांचे. पहिल्या टिंबापर्यंतचा भाग म्हणजे नाव, असं गृहीत धरून मी सगळ्या फायली एका झटक्यात रिनेम केल्या. अकरा डॉक्टरांची मिळून एकच 'डॉ.जेपीजी' उरली, उघडून पाहिली तर गुरांचे डॉक्टर. आणि घराण्यातले यच्चयावत दिवंगत 'कै.जेपीजी'त विलीन झालेले. मूळ फोटो काकांच्या मोबाइलवर होते म्हणून वाचलो.

आमंत्रणं पोस्टात पडली. संमेलनाला आठ दिवस उरले असताना बडोद्याहून दादाकाकांचा फोन आला, "काय रे, आम्हाला कुळातून काढलंत का?"

बडोद्याचा पिन ३९ने सुरू होतो. बेळगावचा ५९ने. म्हणजे आता बेळगावकरांचाही फोन येणार.

"तसं काही नाही हो काका, आजच स्पीड पोस्टाने पाठवतो. पत्ता सांगा."

"घे लिहून. दांडिया बाजार, तिथून आत आलास की पिंपळ, पिंपळाच्या डाव्या हाताला…"