एफ-टू दाबा!

विंडोज नव्यानं टाकायला बसलो. पेनड्राइव्ह लावला, संगणक चालू केला. पडद्यावर बारीक अक्षरांत सूचना झळकली: बायोससाठी एफ-टू दाबा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं, संगणकाच्या मूळ सेटिंग्जचं घर. दाबलं. पुन्हा दाबलं. मग ताशा बडवावा तसं बडवलं. कीबोर्ड ढिम्म. नमलॉकचा दिवासुद्धा लागला नाही. आणि जुनी विंडोज उघडताक्षणी तोच दिवा लख्ख! "पासवर्ड सांगा, लिहून घेतो," असा आज्ञाधारक चेहरा. म्हणजे कीबोर्ड मेला नव्हता, नुसतं सोंग घेऊन पडला होता.

भाच्याला फोन लावला.

"मामा, कीबोर्ड निळ्या पोर्टात आहे की काळ्या?"

टेबलाखाली शिरलो. निळं, म्हणजे यूएसबी ३.०. काही मदरबोर्डना त्या पोर्टात लावलेलं काही विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख करून देणारा प्रोग्रॅम, येईपर्यंत ओळखूच येत नाही म्हणे. काळी पोर्टं दोनच, त्यांत माउस आणि पेनड्राइव्ह ठाण मांडून. एकाला उठवून कीबोर्डला जागा करून दिली. बाहेर येताना टेबल डोक्यात बसलं. त्या दिवशी माझ्या प्रयत्नांना मिळालेला तेवढाच प्रतिसाद.

मग माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढला. जांभळ्या गोल टोकाचा पीएस/२, आयबीएमनं १९८७ साली आणलेला प्रकार. यूएसबीच्या भानगडीत न पडणारा, सरळमार्गी. माझ्या संगणकाला मागे तसं गोल भोक आहे हेही मला त्याच दिवशी कळलं. मात्र तो संगणक बंद ठेवूनच लावायचा असतो आणि त्याला नाजूक सहा काड्या असतात. टेबलाखाली अंधार, चष्मा टेबलावर. चाचपत, फिरवत, देवाचं नाव घेत दाबला. एक काडी वाकली. चिमट्यानं सरळ करायला गेलो, तुटली.

"मामा, तू कधी फास्ट बूट चालू केलं होतंस का?"

मी गप्प. केलं होतं, संगणक लवकर उघडावा म्हणून. त्या घाईत तो सुरुवातीला यूएसबीवाल्यांची विचारपूसच करत नाही, थेट विंडोजकडे धावतो. रोजचे चारेक सेकंद वाचले असतील. त्यांचं मी काय केलं, आठवत नाही. आता ते बंद करायचं कुठून? बायोसमधून. बायोसमध्ये जायचं कसं? एफ-टू दाबून! 'कीबोर्ड सापडला नाही, एफ-वन दाबा' या जुन्या संदेशाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो.

"अरे मामा, विंडोजमधूनच जा ना. शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक कर."

पहिला कीबोर्ड परत जोडला. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज... आणि बायोस उघडलं! खालचा बाण दाबला, पट्टी खाली सरकली. उगाचच चार वेळा खाली-वर करून घेतलं. फास्ट बूट बंद केलं. राहिला बूटचा क्रम, म्हणजे संगणकानं सुरू होताना आधी कुठे पाहायचं ते. पेनड्राइव्ह तेवढा सगळ्यात वर न्यायचा होता.

यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. पेनड्राइव्ह नव्हताच. तो टेबलावर होता, चष्म्याशेजारी. कीबोर्डला काळं पोर्ट हवं म्हणून मीच उपसून ठेवला होता.