दोन मुलांची अट आहेच, पाणी कुठे आहे?

मराठवाड्याच्या पाणीटंचाईवरचा एक लेख वाचला. लेखकानं तिचं खापर वाढत्या लोकसंख्येवर फोडलंय, ते अजिबात पटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागतो त्या २.१ च्याही खाली. दोनपेक्षा जास्त मुलं असली की ग्रामपंचायत लढवता येत नाही, हा नियमही २००१ पासूनचा.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा मी तिथेच राहत होते. चौघांत दोन घागरी पुरवायचो. माहेरी मात्र विहिरीचा तळ दिसेपर्यंत उसालाच पाणी, कारण हमीभाव तूर-हरभऱ्यालाही जाहीर होतो, पण ठरल्या भावानं खरेदीची हमी उसालाच! ही हमी तूर-हरभऱ्याला द्या ना. ठिबक सक्तीचा निर्णय २०१७ ला झाला, आमच्या शिवारात आजही ऊस पाटानंच भिजतोय.