बाप्तिस्मा घेतला म्हणजे साहेबाचे झालो?

"ख्रिस्ती धर्म साहेबाबरोबर आला. धर्मांतरित माणूस मनाने साहेबाचाच. तेव्हा वसाहतवादाची चिकित्सा करायची तर ख्रिस्ती समाजनीती आधी बाजूला ठेवा." असा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. (समाजनीती म्हणजे गरिबांची सेवा आणि समाजातला न्याय यांबद्दलची ख्रिस्ती शिकवण.) मला तो फार लागला, कारण त्यात पंडिता रमाबाईंसारखी माणसं एका वाक्यात पुसली जातात.

साहेबाबरोबर आला? केरळातले सुरियानी ख्रिस्ती पोर्तुगीजांच्याही कितीतरी शतकं आधीचे. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मिशनरी उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. चर्चने सत्तेचा आधार घेतला हेही खरंच. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून पोर्तुगीजांच्या जोरावरच चाललं.

मनाने साहेबाचा? रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. शिष्येने मुकाट ऐकावं, ही तिथल्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा. पण गळ्यात घालायच्या क्रूसावरची अक्षरं लॅटिन आहेत म्हटल्यावर रमाबाईंनी विचारलं, संस्कृत का नकोत? लॅटिनमध्ये असं काय अधिक आहे? त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवू नये असं बिशपांनी म्हटलं, तेव्हा तो शब्दही त्यांनी मुकाट मानला नाही. शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत पाळला. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टना खुलासा करावा लागला. मग केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं. त्याच्या छपाईचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. ही बाई साहेबाची?

राहिला शेवटचा मुद्दा, चिकित्सा आणि समाजनीती यांचं जमत नाही हा. मला तर चिकित्सेची सर्वांत जास्त गरज इथेच दिसते. सेवा करणाराच जर गरिबाच्या वतीने बोलू लागला, तर सेवेचीही मालकी होते. कोण बोलतो, कुणासाठी, कुठल्या भाषेत, हे प्रश्न म्हणूनच विचारायचे. ते फक्त गोऱ्यांना विचारून भागत नाही. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी ते घरातच विचारले: भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेशी संवाद करत राहिलं, मग चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचं दुःख त्यात कुठे आहे? फिरणाऱ्या त्या मजकुरात जातीबद्दल एक ओळ नाही.