मतदार यादीत नाव आलं, पण खोलीचं काय?

मतदानाचा हक्क मिळाला म्हणजे लोकशाहीनं तृतीयपंथीयांना सामावून घेतलं, असं एका लेखात म्हटलंय. मला नाही पटलं. मतदार यादीत 'इतर' हा पर्याय २००९ पासून आहे. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला मान्य केला. पण भाड्याची खोली?

सोलापुरात आमचा युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे. दोन वर्षांपासून एक तृतीयपंथी ताई आमच्याकडं कॉलर लावते. हात इतका साफ, की पट्टी लावून बघा, दोन्ही टोकं सारखी. तिच्यासाठी मी आणि बायको पूर्व भागात सात घरं फिरलो. दाराला कुलूप, आत खोली रिकामी, आणि मालक म्हणतात, "पाहुणे येणार आहेत ओ." शेवटी आमच्याकडंच काजं-बटणं करणाऱ्या मावशींनी आपली पुढची खोली दिली. मावशी पूर्वी विड्या वळायच्या. "भाडं वेळेवर दे, बास," एवढंच म्हणाल्या.

तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीचा २०१९ चा कायदा घर, नोकरी, शिक्षणात भेदभाव करू नका म्हणतो. खोली नाकारणाऱ्याला शिक्षा काय, ते मात्र त्यात लिहिलेलंच नव्हतं. आणि तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं! बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. एकाच देशात दोन मापं कशी चालतात? लेखकांनी यावर लिहायला हवं होतं.

गेल्या मतदानाला ताई बायकांच्या आणि पुरुषांच्या रांगांच्या मधे घुटमळत होती. मावशींनीच हाताला धरून तिला आपल्या पुढं उभं केलं.