‘कोविड बॅच’ फुकट पास झाली म्हणे!

हा मजकूर मला पहिल्यांदा मामेभावाने पाठवला, दुसऱ्यांदा सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिसऱ्यांदा आला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडून. तिच्या कंपनीच्या ग्रुपवर तो तिच्या साहेबांनीच टाकला होता. तिने खाली एवढंच लिहिलं होतं, “मॅडम, हे बघा.”

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. “नोकरी देण्याआधी पदवीचं साल बघा. २०२० आणि २०२१ च्या पोरांनी परीक्षाच दिलेली नाही, सरकारने सरसकट फुकट पास केलं. ज्यांनी दिली त्यांनी घरात पुस्तक उघडून दिली. लेक्चरं अंथरुणात लोळत ऐकली. प्रॅक्टिकल एकही केलं नाही. मास्तरांनी घरबसल्या पूर्ण पगार घेतला. या डिग्रीला कागदाचीसुद्धा किंमत नाही.” शेवटी हात जोडल्याचे दोन इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

मी एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. यातलं सगळं माझ्यासमोर घडलंय. एक वाक्य जवळजवळ खरं आहे, एक अर्धं खरं आहे, बाकीच्यांना काही आधार नाही. एकेक वाक्य क्रमाने बघू.

“परीक्षाच दिलेली नाही.”

३१ मे २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, की अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता आधीच्या सत्रांच्या सरासरीवर निकाल लावू. लोकांच्या डोक्यात बसली ती ही घोषणा. पुढचं कुणी लक्षात ठेवलं नाही. कुलपती म्हणून राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी विरोध केला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं, की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल आणि सप्टेंबरअखेर संपवावी लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला न्यायालयाने निकाल दिला : आपत्ती पाहून राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण अंतिम वर्षाच्या मुलांना परीक्षेविना वर ढकलता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबरात राज्यातल्या विद्यापीठांनी परीक्षा घेतल्या. आमच्या पुणे विद्यापीठाची १२ ऑक्टोबरला सुरू झाली. मुंबईत दूरशिक्षणाच्या, म्हणजे आयडॉलच्या परीक्षा त्याच महिन्यात पुढे ढकलाव्या लागल्या, कारण सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचं विद्यापीठाने सांगितलं. जी परीक्षा झालीच नाही तिच्यावर हल्ला कुणी कसा करेल?

मग पास कोण झालं? त्या उन्हाळ्यात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं. तीही फुकट नव्हेत. आयोगाचं सूत्र होतं, निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे मागच्या सत्राचे. मागच्या सत्रात ज्याने माती खाल्ली होती त्याची सरासरीही मातीचीच आली. सहा सत्रांच्या पदवीत असं ठरलेलं सत्र एक. एकाच्या नावाखाली सहाही खोटी ठरवायची, हा कुठला हिशेब?

माझा संशय वेगळाच आहे. या मजकुरात शाळा आणि विद्यापीठ यांची खिचडी झालीय. २०२१ ला बोर्डाची लेखी परीक्षा खरोखरच रद्द झाली होती. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, बारावीचा ९९.६३. ते आकडे पाहून ज्यांचे डोळे पांढरे झाले, त्यांनी सगळा राग पदवीवाल्यांवर काढला. वैद्यकीयचं तर नावच काढू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने लेखी परीक्षा केंद्रांवरच घेतल्या, तेव्हा ‘ऑनलाइन डॉक्टर’ हा विनोद निदान तपासून करावा.

“घरात पुस्तक उघडून दिली.”

हे अर्धं खरं. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, तासाभराचा पेपर, समोर मोबाइल आणि शेजारी कोण बसलंय ते देवाला ठाऊक. कॉपी झाली. पेपर सुरू असताना उत्तरं विचारणारे ग्रुप होते, आणि त्यातल्या एका ग्रुपात मला कुणीतरी चुकून ॲड केलं होतं. बारा मिनिटं मी गंमत बघत होते, मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

पण त्यात आमचाही वाटा आहे, तो मजकुरात नाही. प्रश्नसंच चार दिवसांत करून द्या, असा निरोप आला होता. सेंद्रिय रसायनात एखादी अभिक्रिया पायरीपायरीने लिहायची असते, बाण कुठून कुठे जातो त्याला गुण असतात. त्याचे चार पर्याय कसे करणार? मग आम्ही केलं काय, तर व्याख्या उचलल्या आणि चौथा पर्याय ‘वरीलपैकी सर्व’ ठेवला. पुस्तक उघडून सापडणारे प्रश्न आम्ही काढले आणि मुलांनी पुस्तक उघडलं. तेव्हा त्या वर्षांचे गुण फुगलेले आहेत, हे मी मान्य करते. तुम्ही माणूस घेत असाल तर फक्त टक्क्यांवर घेऊ नका. पण हे कुठल्या सालाला लागू नाही?

‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. २०१७ ला मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं एकाएकी ठरवलं. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तेव्हा कुणाच्या पेपरला कुणाचे गुण पडले याच्या कहाण्या घरोघरी होत्या. त्या बॅचला कुणी नाव ठेवलं? नाही. विद्यापीठ चुकलं म्हणाले. तेच बरोबर होतं.

“लेक्चरं अंथरुणात लोळत ऐकली.”

इथे मला राग येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बासष्ट मुलं पटावर होती. ऑनलाइन तासाला चांगल्या दिवशी पंचवीस यायची, पावसाच्या दिवशी नऊ. पडद्यावर नावं काय, तर ‘रेडमी नोट ५’, ‘पप्पा’, ‘ओम साई कृषी सेवा केंद्र’. हजेरी घेताना ‘पप्पा’ कोण, हे विचारण्यात पाच मिनिटं जात. घरात एक फोन, त्यावर धाकट्याची शाळा, बापाचा धंदा आणि हिची बीएस्सी. दिवसाचा दीड जीबी माझ्या दोन तासांत आणि धाकट्याच्या एका तासात संपायचा.

हे माझ्या एकटीच्या वर्गाचं रडगाणं नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात दर शंभर घरांमागे जेमतेम पंधरा घरांत इंटरनेट होतं, आणि संगणक चार घरांत. त्यानंतर दोनच वर्षांनी आपण सगळ्यांना सांगितलं, आता घरून शिका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथली पोरं कुठल्या अंथरुणात लोळत होती? कोकणात डोंगरावर खोपट बांधून भर पावसात तास ऐकणाऱ्या मुलीचे फोटो तेव्हा याच ग्रुपांवर फिरत होते. ‘सलाम’ म्हणून फॉरवर्ड करणारी बोटंही हीच होती.

मला हा मजकूर जिने पाठवला, तिला त्या काळात रेंज मिळायची ती फक्त कांद्याच्या चाळीत. फोन बांबूच्या फटीत अडकवायचा, कानात इयरफोनची एकच चालू बाजू, आणि हाताने कांदा निवडायचा. एकदा तिचा माइक चालू राहिला. मी अणूच्या कक्षकांबद्दल बोलत असताना सगळ्या वर्गाला तिच्या आईचा आवाज आला, “अगं, तो सडका टाक की बाजूला, सगळ्यांना लागंल!” वर्ग हसला. ती पुढचे दोन दिवस आलीच नाही. फोन करून बोलवावं लागलं.

“प्रॅक्टिकल एकही केलं नाही.”

आता खऱ्याकडे. ‘एकही नाही’ हे चूक आहे, पण जवळजवळ नाहीच, हे बरोबर.

टायट्रेशन घ्या, म्हणजे थेंब थेंब घालून द्रावणाची तीव्रता मोजायची. फ्लास्कमध्ये ॲसिड, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कळ असलेल्या मापाच्या नळीत, अल्कली, वरून फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रव्याचे दोन थेंब. एका हाताने ब्युरेटची कळ, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल फिरवायचा. गुलाबी झाक येते आणि जाते, येते आणि जाते. शेवटी एक थेंब असा पडतो, की अगदी फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. तिथे थांबायचं. आणखी एक थेंब पडला, की राणी रंग होतो आणि रीडिंग गेलं. असं लागोपाठ जुळेपर्यंत करायचं, मग सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं तेच तेच येणारं रीडिंग, लिहायचा. हे मी व्हिडिओत सतरा वेळा दाखवलं. घरातल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आईच्या हातात मोबाइल देऊन. मुलांना गुलाबी रंग दिसला. हाताला कळ कधी कळली नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ ला पन्नास टक्के उपस्थितीत कॉलेजं उघडायला परवानगी मिळाली. आम्हाला जेमतेम तीन आठवडे मिळाले. एका टेबलावर दोघंच, एकाआड एक दिवस, वर्षाचं सगळं त्यात कोंबायचं. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, पिपेट तोंडाने ओढायची नाही म्हणून रबरी फुगे मागवले तर ते निम्मे फाटके निघाले. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा टाळं. प्रात्यक्षिकाच्या वहीत उरलेली निरीक्षणं मुलांनी मी पाठवलेल्या आकड्यांवरून लिहिली. तोंडी परीक्षा फोनवर झाली. एकाला विचारलं, ब्युरेट धुवायचा कशाने? तो म्हणाला, “मॅडम, हातात घेतला असता तर सांगितलं असतं.” मी त्याला पूर्ण गुण दिले. चूक केली असेल तर केली.

तेव्हा हे नुकसान झालं, आणि खूप झालं. पण मजकुराचा सूर असा आहे, की हे मुलांनी चोरलं. प्रयोगशाळेला कुलूप त्यांनी लावलं नव्हतं. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं पुन्हा उघडली, तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना महिनाभर बोलावून हात बसवून द्यावा, असं मी आमच्या कॉलेजात सुचवलं होतं. तशी तरतूद नाही, म्हणून सांगितलं गेलं. खर्च काय होता? थोडा सोडा, थोडं ॲसिड आणि दिव्याचं बिल. त्याच वर्षी मे महिन्यात अनुदान आयोगाने मसुदा फिरवला होता, की इथून पुढे प्रत्येक विषयाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता यावा. म्हणजे ज्या पद्धतीमुळे मुलांची पदवी फुकाची ठरते, तीच पद्धत कायमची आणायला हरकत नव्हती.

“मास्तरांनी घरबसल्या पूर्ण पगार घेतला.”

पूर्णवेळ प्राध्यापकांनी घेतला आणि तो त्यांच्या कामाचा होता. पण महाराष्ट्रातल्या सीनियर कॉलेजांत किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यावर किती जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर राबतात, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. मीही त्यांतलीच. आमचा पगार नसतो, तासांचं बिल असतं. तास झाला नाही तर पैसे नाहीत. ऑनलाइन घेतलेला तास हा तास धरायचा का, यावर माझं बिल दोनदा परत आलं. नवीन वर्षाची ऑर्डर डिसेंबरात हाती पडली. मधल्या महिन्यांत मी मास्क शिवून विकले, तीन पदरी, पंधरा रुपयाला एक. शिलाई बरी होती.

“या डिग्रीला कागदाचीसुद्धा किंमत नाही.”

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला कायद्याने असतो, साल बघून तो कमीजास्त होत नाही. असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. जुलै २०२० मध्ये राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असं उमटलं. ओरड झाली, कृषिमंत्री दादा भुसे यांना त्यात लक्ष घालावं लागलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मदुराईत एका खासगी बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत २०२१ ला उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत, असं छापून आलं. बोभाटा होताच बँकेने ती छपाईची चूक होती म्हणून जाहिरात दुरुस्त केली. चूक असो वा नसो, उघडपणे त्या वाक्यामागे उभं राहायला कुणी तयार नव्हतं. ते धाडस फक्त फॉरवर्डमध्ये होतं.

आणि पारखायचंच असेल तर पारखायच्या जागा आहेतच. एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुन्हापुन्हा पुढे गेली, ११ मार्च २०२१ ला पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, मग २१ मार्चला ती झाली. केंद्रावर, सगळ्यांना एकच पेपर. पदवीचं साल बघून तिथे कुणाला वेगळी प्रश्नपत्रिका मिळाली नाही.

ती कांद्याच्या चाळीतली मुलगी आता नाशिकजवळ एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे. मीच तिला विचारलं होतं, पहिल्या दिवशी काय केलंस? म्हणाली, “मॅडम, पहिल्या आठवड्यात सगळं राणी रंगाचं. बारा रीडिंगं वाया गेली. तिथले एक काका जेवणाच्या सुट्टीत शेजारी उभे राहायचे, नुसतं पाणी भरून कळ फिरवायला लावायचे. दहाव्या दिवशी जमलं.” आता येणाऱ्या कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटचं टायट्रेशन तीच करते, आणि नव्याने लागलेल्यांना ब्युरेट धरायला तीच शिकवते. संध्याकाळी तिच्या रीडिंगच्या रजिस्टरवर साहेब सही करतात. तो मजकूर ग्रुपवर टाकला त्या संध्याकाळीही त्यांनी केली होती.