कास्ट मारला म्हणून स्ट्रिंग तुमची होत नाही

"पायथनची स्ट्रिंग इम्युटेबल (न बदलता येणारी) आहे ती पायथनपुरती, सी एक्स्टेंशनमध्ये (पायथनला जोडलेल्या सी कोडमध्ये) पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळाला की कास्ट मारून कॉन्स्ट (बदलायला मनाई) काढून जागेवरच बदला, फक्त लांबी तीच ठेवा आणि रेफकाउंट (ती किती ठिकाणी धरली आहे तो आकडा) १ आहे ना ते बघा" असा सल्ला सगळीकडे फिरतोय. कॉपी वाचते एवढं खरं, बाकी सगळं गंडलंय.

पहिलं म्हणजे तो पॉइंटर नक्की कशाचा? स्ट्रिंग निव्वळ आस्की (साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं) असेल तर पाययुनिकोड_अ‍ॅजयूटीएफ८ हे सी फंक्शन थेट ऑब्जेक्टच्या पोटातला पत्ता देतं. त्यावर स्वल्पविरामाशी तुकडे करायला स्ट्रटोक (सीचं स्ट्रिंग तोडणारं फंक्शन) चालवला (हे लोक खरंच करतात!) की स्वल्पविरामाच्या जागी शून्य बाइट बसतो, आणि ती स्ट्रिंग कोडमधलं लिटरल (तिथेच थेट लिहिलेली) असेल तर फंक्शन दुसऱ्यांदा बोलावल्यावर तेच मोडकं लिटरल परत येतं. मराठीत तर अजून मजा. 'पुणे,नाशिक' आत दोन-दोन बाइटांत ठेवलेली असते, म्हणून यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) ची २८ बाइटांची वेगळी प्रत बनून ऑब्जेक्टलाच चिकटून राहते, तुम्ही बिघडवता ती ही प्रत. मग इंडेक्स ४ ला स्वल्पविराम जागेवर दिसतो, पण यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केलं की तिथे शून्य बाइट, आणि बसा रात्रभर शोधत. पायथन ३.७ पासून हे पत्ता देणारं फंक्शन कॉन्स्ट पॉइंटर देतं ते काय शोभेला?

लांबी तीच ठेवली तरी हॅशचं (मजकुरावरून काढलेला, शोधायला वापरतात तो आकडा) काय? तो एकदा काढला की ऑब्जेक्टमध्येच साठवला जातो, त्यामुळे डिक्शनरीतली 'की' (ज्या नावाने शोधतो ते) बदललीत तर जुन्या नावानेही सापडत नाही आणि नव्यानेही नाही. एकअक्षरी लॅटिन-१ (इंग्रजी आणि पश्चिम युरोपातली अक्षरं) स्ट्रिंगा तर अख्ख्या प्रोसेसमध्ये सामायिक असतात, एक 'a' बदला, सगळीकडचे बदलले.

राहिला रेफकाउंट. सीपायथन (सीमध्ये लिहिलेला नेहमीचा पायथन) स्वतः जागेवर बदल करतं तेव्हा १ आहे एवढ्यावर थांबत नाही, हॅश काढलेला नाही ना, इंटर्न झालेली (सगळ्यांत वाटून वापरायला नोंदवलेली) नाही ना, स्ट्रिंगवरून बनवलेला सबक्लास नाही ना हेही बघतं. आणि ३.१४ मध्ये इंटरप्रिटर काही रेफरन्स न मोजता नुसते उसने घेतो, म्हणजे १ दिसला तरी दुसरं कोणी धरून बसलेलं असू शकतं.

वेग हवाच असेल तर पाययुनिकोड_न्यू या फंक्शनने नवी स्ट्रिंग घ्या, कोणाच्या हातात द्यायच्या आधी भरा, मग हात लावू नका. तुकडेच करायचे असतील तर स्ट्रडप (सीचं कॉपी काढणारं फंक्शन) करून त्या कॉपीवर काय तो धुमाकूळ घाला, फक्त नंतर फ्री करा.