समुद्रातलं धडधडणारं झाड आणि आत्याची बीपीची गोळी

राजारामपुरीतल्या आत्यानं चार दिवस झाले बीपीची गोळी बंद केलीय. का? तर व्हॉट्सअपवर व्हिडिओ आला. म्हणे समुद्रात एक झाड सापडलंय, त्याचे माणसाच्या हृदयासारखे मिनिटाला ७२ ठोके पडतात, ते कधी मरत नाही, आणि त्याची पावडर खाल्ली की आपलं हृदय नवं होतं. आत्यानं लगेच डबा मागवला. डोकं फिरलं माझं.

तर, ते झाड नाही. हायड्रॉइड म्हणतात त्याला, जेलीफिशच्या भावकीतला प्राणी. बीएस्सीला झूलॉजी होतं त्यांनी ओबेलिया या हायड्रॉइडची स्लाइड बघितली असेल, फांद्यांच्या टोकाला फुलं वाटतात ती तोंडं असतात.

आता ते ७२ ठोके. व्हिडिओ पळवलेला आहे राव! खरं एक स्पंदन व्हायला काही मिनिटं जातात, आणि ते हृदयबिदय नसून वाढणाऱ्या फांदीचं टोक असतं. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी कशी नाचत मागंपुढं होत सरकते, तसंच टोक पुढं जातं, थोडं मागं येतं, परत पुढं, आणि मागं येणं कमी पडतं म्हणून वाढ होते. टोकावरचं कायटिनचं आवरण मऊ असतं, मागचं कडक होत जातं, म्हणून मिळवलेली जागा सुटत नाही. मॉस्को विद्यापीठातल्या लेव बेलोउसोव यांनी याच स्पंदनांवर कित्येक वर्षं घालवली. हे झुडूप म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक तोंडांची वसाहत, तिच्यात हृदय एक पण नाही, एका तोंडानं खाल्लेलं आतल्या पोकळ नळीतून बाकीच्यांना पोचतं, ढकलायला शरीराचं आकुंचनच.

'मरत नाही' हे अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. टुरिटॉप्सिस डोर्नी नावाचा यांचा नातेवाईक जेलीफिश झाल्यावर उलटा फिरून परत पॉलिप, म्हणजे त्याची आधीची चिकटून बसणारी अवस्था, होतो, १९९६ ला इटलीतल्या संशोधकांनी ते मांडलं. पण माशानं गिळला की तोही संपला.

आणि पावडर! जे हलतं ते जिवंत टोक, वाळवून कुटल्यावर काय धडधडणार? आपण जन्मभर कांदा-लसूण चटणी खातोय, कुणाच्या पोटात मिरचीचं रोप आलंय काय? उलट यांना डंखपेशी असतात, काही जातींना नुसता हात लागला तरी पुरळ उठतं.

काल आत्याचं बीपी १७०/१०० निघालं, डॉक्टरांनी झापलं आणि गोळी चालू केली. डबा मी उचलून आणलाय. उघडला तर वास नुसता ओव्याचा.